माझं झाकण आत्यांकडे आहे

गिरणीवाल्या आत्या पीठ द्यायच्या, पण डब्याचं झाकण द्यायच्या नाहीत. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची गिरणी. दळण झालं की गरम पिठाचा डबा उघडाच आपल्यापुढे, आणि झाकण त्यांच्या मांडीखाली. "गरम गरम झाकलं की पिठाला घाम सुटतो, गुठळ्या हुत्यात," म्हणायच्या. "बस जरा. कुनाचं लगीन गाठायचंय?" मग घाईने आलेली बाईसुद्धा पाय पसरून बसायची.

मी तर मुद्दाम बसायचे, कारण आत्या लिहायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे, पिठाळलेल्या पेन्सिलीने, एकच गोष्ट. तिच्यात एक म्हातारी लेकीच्या दारात येऊन उभी राहते. पुढे काय, ते आत्यांनाच सापडत नव्हतं. गिरणी बंद करून गिऱ्हाइकांना विचारायच्या, "म्हातारी 'उभी ऱ्हायली' बरं वाटतंय, का 'थांबली'?" पावसाळा गेला, हिवाळा गेला. शेवटी टेम्पोवाले दगडूभाऊ वैतागले. "आत्या, तिला बसवा आता! पाय सुजले असतील बाईचे!"

"बसंल की," आत्या म्हणाल्या. "पन लेकीनं बस म्हनलं पायजे ना. मी कोन बसवनारी?"

मी सातवीतून शाळा सोडलेली. आई-वडील ऊसतोडीला निघाले, तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला मीही फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, राहायला गेले. शाळेतल्या त्या शेवटच्या दिवसावर मी दोन पानं लिहिली आणि पदराखाली लपवून आत्यांकडे नेली. ऱ्हस्व-दीर्घाची भीती होतीच. आत्यांनी वाचलं, मग पान नाकाशी धरून हुंगलं, खरंच हुंगलं, आणि म्हणाल्या, "गरम हाय. ठेव." आठ दिवसांनी, "कोमट हाय." महिन्याने शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं. "हितं तूच सगळं रडून घेतलंस. वाचनाऱ्याला काय ठिवलं?"

त्या ओळी खोडताना जीव तुटला. खोडून पुन्हा वाचलं, तर मलाच रडू आलं. आत्या खूश. "आता जमलं बघ!"

"आणि चुका हो?"

"त्या छापनारा काडील. त्याला पगार कशाचा देत्यात?"

पुढे आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, गुजरातेत वापीला कंपनीत काम लागलं. निघायच्या दिवशी मी बाजरीचं दळण आणायला गेले आणि तेवढ्यात एस.टी.चा हॉर्न वाजला. गरम डबा उराशी धरून पळत सुटले. झाकण राहिलं आत्यांच्या मांडीखाली. इतकी वर्षं मी त्या डब्यावर ताटली ठेवते आहे.

गोष्टही तशीच पडून होती. एका दिवाळी अंकाचा पत्ता मिळवला होता, पाकीटही आणलं होतं. पण आज एक शब्द बदलायचा, उद्या तोच परत लिहायचा. ओळीओळीतून माझी सातवी दिसेल, लोक हसतील, हीच धास्ती. आत्या फोनवर विचारायच्या, "धाडलं का?" मी म्हणायचे, "गार होतंय, आत्या."

गेल्या महिन्यात हेच उत्तर त्यांनी पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "बाजरीचं पीठ किती दिस ठिवतीस गं?"

"आठ-दहा दिवस. पुढं कडू होतं."

"व्हय ना? मग तू काय गव्हाचं समजून बसलीस?"

मी फोन कानाला लावूनच पाकीट शोधायला उठले.

"आन् ऐक, माजी म्हातारी बसली! लेक म्हनली, आई, दारात काय उभी, भाकरी थापू लाग. बसली चुलीम्होरं. परवा धाडून दिली." हसता हसता त्यांना ठसका लागला. "तुजं झाकन हाय हितं. गोष्ट धाड, छापून आली की न्यायला ये. तवर देनार न्हाई."

काल मी पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं. पेटीच्या तोंडाशी हात अडला होता. सुटला, तेव्हा पीठ लागल्यासारखे मी दोन्ही हात झटकले.

छापतील की नाही, धाकधूक आहेच. पण आत्या, ते झाकण पुसून ठेवा. छापो न छापो, दिवाळीला मी येते. देणार नाही म्हणालात, तर गिरणीत बसून राहीन. बसायचं तुम्हीच शिकवलंय.