वडिलांनी लिहून आणलेली चिठ्ठी
मलमाची डबी उघडली की डांबरासारखा वास येतो आणि मला करमाडचं माहेर आठवतं. पहिल्या बाळंतपणाला मी तिथं गेले होते. वडिलांच्या हातांवर उतारवयात सोरायसिसचे चट्टे उठले होते, त्यांवर ते असलंच मलम लावत. बाळाला घ्यायला त्यांनी हात पुढं केले आणि मी नकळत बाळ मागं ओढलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्याच बसनं शहरातल्या दवाखान्यात गेले. दिवसभर मी आत-बाहेर करत राहिले, कशातच जीव लागेना. संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी पुढं धरली. “वाच पोरी. हा रोग दुसऱ्याला लागत नाय, डॉक्टरकडून लिहून आणलंय.” मी न वाचताच बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. आता माझ्याही कोपरांवर तसेच चट्टे आलेत. नातू धावत येतो, तेव्हा मी आधी सुनेकडं बघते.