कात्रीत गेलेला चौकोन

मासिकातला एक चौकोन जाहिरात समजून मी कात्रीनं कापून टाकला आणि एका मुलीचं शिकणं बंद पाडलं. लोणावळ्यात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी मी एक, अशा बढाया नातवंडांपुढे मारते खऱ्या. पण हा चौकोन त्यांना कधी सांगितलेला नाही.

तेव्हा मी चाळिशीची. पदर पिनेनं पक्का आणि नाक त्याहून वर. स्टेशनजवळच्या गाळ्यात माझा क्लास होता. कॉम्प्युटर चार, त्यातला एक कायम आजारी. क्लासात इंटरनेट नव्हतं. प्रोग्रॅमिंगचं एक इंग्रजी मासिक मी पुण्याहून मागवायची आणि त्यातले प्रोग्रॅम मुलांकडून टाईप करून घ्यायची. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बडवायचं: ब्रॅकेट ओपन, ब्रॅकेट क्लोज, सेमीकोलन. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत पाढे चाललेत.

मासिक एकच, म्हणून त्याच्या झेरॉक्स काढायच्या. दोन पानं एका कागदावर बसावीत म्हणून मी आधी पानं छाटायची. चौकट दिसली की कात्री. चौकटीत फक्त जाहिरातीच असतात, हे ज्ञान मला कुठून झालं होतं देव जाणे.

पवनानगरहून एक मुलगी जीपनं यायची. तिचे वडील, आबा, धरणात मासे धरायचे. कुसगावच्या एका हॉटेलवाल्यानं तिला सांगितलं होतं, खोल्यांच्या बुकिंगचा प्रोग्रॅम चालवून दाखव, काउंटरवर बसवतो. नेमका तसलाच प्रोग्रॅम मासिकात आला. तिनं झेरॉक्सवरून तो उतरवला. चालेना. मी म्हटलं, कुठंतरी एखादा ठिपका खाल्लास. तिनं सगळं पुसून पुन्हा उतरवलं. तरी चालेना. मधेच काहीतरी तुटल्यासारखं वाटतंय, असं ती एकदा भीत भीत म्हणाली. त्यावर मी सगळ्यांसमोर ऐकवलं, की छापलेलं चुकत नसतं, बोटं चुकतात. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढं ज्याला त्याला तेच ऐकवत सुटले.

एक दिवस तिचे आबा आले. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि पोरीला हे जमंल का, एवढंच विचारलं. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी पडले मॅडम.

"मुलगी धांदरट आहे," मी म्हटलं. "समोरचं बघून उतरवायचं, तेवढंही तिला होत नाही."

त्यांनी मान हलवली आणि ते उठले. दुसऱ्या दिवसापासून मुलगी यायची थांबली. तिच्या खुर्चीवर मी दुसरीला बसवलं.

मग पुढचा अंक आला. सवयीनं कात्री चालवताना चौकट अर्धी कापली गेली आणि नजर तिच्यावर पडली. जागेअभावी प्रोग्रॅमचा काही भागच छापला आहे, पूर्ण कोड आमच्या वेबसाइटवरून डाउनलोड करा, असं त्यात लिहिलं होतं. प्रोग्रॅम मोठा असला की ही चौकट असणार. दर वेळी मी ती केराच्या टोपलीत टाकली होती.

तशीच उठून बाजारातल्या सायबर कॅफेत गेले. मागच्या अंकाचा कोडही वेबसाइटवर होता. फाईल मुंगीच्या पावलानं उतरत होती आणि मी पडद्याकडे बघायचं टाळत होते. फ्लॉपीवर घेऊन क्लासमध्ये आले, चालवली. पहिल्याच फटक्यात खोल्यांची यादी समोर आली. मग ती मुलीच्या फाईलशी ताडून पाहिली. तिनं उतरवलेल्या भागात एक ठिपकासुद्धा चुकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीपनं पवनानगर गाठलं. लाजेनं मान वर होत नव्हती, पण सोंगही सुटत नव्हतं. पर्समधली फ्लॉपी अशी काढली, जणू बक्षीस समारंभाला आलेय. मुलगी दारात फाटकं जाळं सांधत बसली होती. मी हसत हसत सांगितलं, की अगं, गंमतच झाली, त्या मासिकवाल्यांनी अर्धंच छापलं होतं. तिनं फ्लॉपीला हात लावला नाही. मग कात्रीचंही सांगावं लागलं, आणि सांगता सांगता माझं हसू कुठं गेलं, मला कळलं नाही.

तिनं जाळं बाजूला सारलं, आतून पाण्याचा तांब्या आणला, ओट्यावर माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि म्हणाली,

"मला सांगून काय उपेग, मॅडम? म्या नीट उतरवलतं, मला ठावं व्हतं. आबा सांजच्याला येत्यात. तवर बसा, आन् त्यास्नी सांगा."