‘ध्रुवयान’चा भिवंडीतला शेवट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळणं सोपं होतं, कारण कुणी विचारत नव्हतं. यंदा नवा ‘ध्रुवयान’ लागला आणि भिवंडीतल्या टेमघरच्या चहाच्या टपरीवर सगळे मलाच विचारायला लागले.

जुन्या ‘ध्रुवयान’चे तीन भाग आले होते. मोठा भाऊ यान घेऊन निघून जातो, धाकटा पृथ्वीवर वायरलेस सेटपाशी बसून त्याची वाट बघतो, एवढीच गोष्ट. पत्र्याचं यान, दोरीला टांगलेले ग्रह. पण भिवंडीने त्या पिक्चरवर जीव टाकला. मी तेव्हा इथल्या एका थिएटरात ऑपरेटर होतो. म्हणजे पब्लिकच्या पाठीमागे, वरच्या केबिनमध्ये उभं राहून पिक्चर चालवणारा.

नवा पिक्चर बघून आम्ही टपरीवर आलो तेव्हा जनार्दन भोईर पेटलेला होता. जवळच्या पूर्णा गावात त्याच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. तरुणपणी मात्र तिन्ही भाग त्याने पुढच्या रांगेत बसून पुन्हा पुन्हा पाहिलेले.

“वाट लावली यांनी! शेवटाला सेटवर भावाचा आवाज येतो म्हने. जुन्यात आवाज येतच न्हाय. धाकला बसून ऱ्हातो नि पडदा काला. तीच तं खरी गोष्ट व्हती.”

“काका, जुना पिक्चर मोबाईलवर आहे. त्यातही आवाज येतो,” त्याची पुतणी स्नेहल म्हणाली. ती दापोड्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. तिला नवा पिक्चर आवडला होता.

“तो मागाहून घुसवलाय. कंपनीवाले काय पन करतात.”

“मग आवाज घुसवताना ती दोरी तरी पुसायची होती. अजून दिसते.”

“ए, दोरीला बोलायचं न्हाय!”

सगळे हसले. मग जनार्दन माझ्याकडे वळला. “ऑपरेटर, तू सांग. तूच चालवायचास. आवाज व्हता का?”

आता ते काम कसं चालायचं, ते आधी सांगतो.

पिक्चर तेव्हा रिळांवर यायचा. एक रीळ संपत आलं की शेजारच्या मशीनवर पुढचं सुरू करायचं. तिसरा भाग लांबलचक होता. दुपारचा शो सुटायची आणि कापडाच्या लूमची शिफ्ट बदलायची वेळ एकच यायची. रात्रपाळीवाले शेवटाआधीच उठायचे. खुर्च्या आपटायच्या, मागचे शिव्या द्यायचे. एक दिवस मॅनेजर साहेब केबिनमध्ये चढून आले.

“थोडा काप. मधली एखादी हाणामारी काढ. गाण्याला हात लावू नको, पब्लिक पडदा फाडेल.”

“साहेब, मधे कापला की आवाज उडी मारतो.”

“ते तू बघ. मला शिफ्टच्या आधी हॉल रिकामा पाहिजे.”

फिल्मवर चित्राच्या कडेने आवाजाची पट्टी असते, आणि चित्र एका जागी तर त्याचा आवाज थोडा पुढे असतो. म्हणून मधे कापायचं तर नेमकी जागा शोधावी लागते, दोन्ही टोकं खरवडून सोल्युशनने चिकटवावी लागतात. शेवट कापायला यातलं काही लागत नाही. कात्री मारली की झालं.

साहेबांनी मधलं कापायला सांगितलं होतं. मी शेवट कापला.

धाकटा सेटपाशी बसलाय, नुसती खरखर ऐकू येतेय, तिथे. त्यापुढे तो बराच वेळ बसून असतो. मग आवाज येतो, यान परततं, भावांची भेट होते. मला वाटलं, तोवर पब्लिक उठलेलंच असतं, कुणाला कळणार?

कापलेला तुकडा डब्यात जपायचा आणि प्रिंट परत पाठवताना जोडून द्यायचा, अशी रीत होती. मी जोडून दिला. म्हणून बाकी मुलखात पिक्चर पुरा राहिला. भिवंडीने मात्र माझा शेवट पाहिला. कल्याणला बघून आलेले कुणी आवाजाचं बोलले, तर इथले त्यांना फेकू म्हणायचे.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेता येतं. इस्माईलचं नेता येत नाही.

इस्माईल लूमवर कामाला होता, उत्तर प्रदेशातला. त्याचा धाकटा भाऊ भांडून कुठेतरी निघून गेला होता. जाताना एवढंच म्हणाला होता, की फोन केला तर शुक्रवारी करीन, थिएटरसमोरच्या बूथवर. शुक्रवारी लूम बंद असतात. इस्माईल दर शुक्रवारी दुपारचा शो बघायचा आणि मग बूथच्या दाराशी बसायचा. लूमच्या खडखडाटाने त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून अगदी दाराला खेटून.

तिसरा भाग त्याने सगळ्या शुक्रवारी पाहिला. शेवटच्या आठवड्यात तो केबिनच्या दारात आला.

“ऑपरेटर साहब, पिक्चरवाला समझदार आदमी है.”

“क्यों भाई?”

“झूठी तसल्ली नहीं देता. जो गया, वो गया. बैठे रहो, आवाज नहीं आती.” तो हसला. “हम भी अब नहीं बैठेंगे. सूरत जा रहे हैं.”

डबा त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होता. तुकडा मशीनवर चढवून दाखवायला कितीसा वेळ लागला असता? पण पिक्चर कापलाय ही बातमी बाहेर गेली असती, साहेबांनी मलाच धरलं असतं. मी म्हणालो, “अच्छा, खुदा हाफिज.”

आणखी एक गोष्ट मला तो गेल्यावर सुचली. शुक्रवारी शिफ्टच नसायची. हॉल रिकामा करायची घाई कुणालाच नव्हती. त्या दिवसापुरता शेवट जोडून चालवता आला असता. पण शनिवारी पुन्हा कापावा लागला असता, म्हणून मी जोडला नाही.

पुढे एका शुक्रवारी बूथवाल्याने मला रस्त्यातून हाक मारली. फोन इस्माईलसाठी होता.

“भैया हैं?” पलीकडून तरुण आवाज आला.

“वो सूरत गया.”

“सूरत में कहाँ?”

मला माहीत नव्हतं. थोडा वेळ खरखर ऐकू आली आणि लाइन तुटली. तो फोन पुन्हा आला की नाही, कळलं नाही. पुढे बूथही गेला, थिएटरही.

टपरीवर मी हे सगळं सांगितलं. जनार्दन ऐकून घेईना.

“म्हातारपनी तुजा डोका फिरला. आवाज न्हवता.”

“होता, जनार्दन. मीच कापला.”

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “काय बोलला रं तो भाव, सेटवर?”

“‘छोटे, सुन रहा है?’ असं.”

“नव्यात पन तेच बोलतो,” जनार्दन म्हणाला, आणि उठून गेला.

तर नव्या पिक्चरवाल्यांनी जुन्याशी बेईमानी केलेली नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट नव्या पोरांनी लक्षात ठेवावी: मधे कापायला कष्ट पडतात, म्हणून मधेच कापावं; सोपा पडतो म्हणून शेवट कापू नये.

सुरतेहून येणाऱ्या कारागिरांना मी अजून विचारतो. इस्माईल नावाचे पुष्कळ निघतात, तो निघत नाही. भेटलाच तर काय म्हणायचं, ते मी त्याच्या भाषेत पाठ करून ठेवलंय. त्याच्या कानाशी जाऊन, मोठ्याने म्हणायचं: इस्माईल भाई, आवाज आती थी. मैंने काट दी थी.