दोन वाड्यांमधलं रान

सायकलच्या वाटेची फीत कापायला येणारी माणसं तिच्यावरचं गवत कापायला आलेली तुम्ही कधी पाहिली आहेत?

जपानात काजिया वाडीहून नोगुची वाडीला जाणाऱ्या वाटेवर तर कुणी पाहिली नाहीत. जुनी रेल्वे बंद पडली, रूळ उखडले आणि नगरपालिकेने त्या बांधावर डांबर टाकून सायकलींसाठी वाट केली. भाषणं झाली, फोटो निघाले. मग वाट होती आणि दिसेल ते झाकत सुटणारा कुझूचा रानवेल होता. वेल जिंकला.

तोकिए मुराकोशी काजियात तोफू करून विकते. साठी ओलांडलेली, अंगाने बुटकी, आवाजाने उंच. तिच्या थोरल्या बहिणीने, सावाएने, गाडी स्वतःच्याच कुंपणात घातली आणि मुकाट्याने लायसन परत केलं. तेव्हापासून तिचं सगळं सायकलवर, आणि दवाखाना, बाजार, मैत्रिणी सगळं नोगुचीपलीकडे. मधली वाट रानाने गिळल्यावर ती ट्रकच्या रस्त्याने जाऊ लागली. एका ट्रकच्या आरशाने तिचं हँडल घासलं. पडली ती भाताच्या खाचरात, म्हणून वाचली. लगेच ओसाकाहून मुलाचा फोन: खोली रिकामी केली आहे, उन्हाळा संपला की निघून ये.

“जाते म्हणतेय,” सावाए म्हणाली. “त्याच्याकडे लिफ्ट आहे.”

“लिफ्टशी गप्पा मारणार का, ताई?”

“तुझ्यापेक्षा कमी बोलते ती.”

“आणि वाट मोकळी झाली तर?”

“तर कोण मरायला जातंय ओसाकाला!”

तोकिए तडक नगरपालिकेत गेली. तिथला तरुण अधिकारी कमरेत वाकून म्हणाला, “मुराकोशीसान, आपल्या सूचनेचा आम्ही सकारात्मक विचार करू.” त्या इमारतीत याचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“विचार ठेवा तुमच्याकडे. कटर पाठवा.”

“तिथलं गवत दोन्ही वाड्या कापतात, अशी आमची समजूत आहे.”

थोड्याच दिवसांत त्यांच्या विचाराचं फळ दिसलं. वाटेच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड, आणि त्यावर नोटीस: वापर नसल्याने वाट कायमची बंद करायची की नाही, याचा निर्णय उन्हाळ्यानंतर.

आता खरं सांगायचं तर दोन्ही वाड्या कापत होत्याच. गवत कापायचा दिवस ठरला की घरटी एक माणूस भल्या सकाळी कटर घेऊन हजर. जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघतं. पण काजियाचे लोक ओढ्यावरच्या पुलाच्या बरेच अलीकडे थांबत. पुढे नोगुचीची हद्द. तिला चुकून पातं लागलं तर? ते म्हणजे ‘तुम्ही आळशी आहात’ असं तोंडावर सांगणं. नोगुचीवालेही तेवढेच सभ्य, तेही पलीकडे तसेच थांबत. दोघांच्या सभ्यतेच्या मधोमध बांबू वीतवीत वाढत होता.

नोटीस वाचून तोकिएचं डोकं फिरलं. तिने मेलेल्या नवऱ्याचा कटर काढला, बॅरिकेडखालून शिरली आणि सायकलपुरती पट्टी कापत पुलापर्यंत गेली. तिथे थांबायचं, तर बाई पूल ओलांडून नोगुचीच्या दगडी जिझोदेवापर्यंत पोचली. राग आला की तिला हद्द दिसत नाही.

संध्याकाळी नोगुचीचा वाडीप्रमुख हिराइवा पांढरा शर्ट घालून दारात उभा. हातात गोड बीनच्या मिठाईचा डबा.

“आमच्या हद्दीत आपल्याला कष्ट पडले. आम्हाला फार शरम वाटते,” तो वाकून म्हणाला.

म्हातारा आतून पेटला आहे, हे तोकिएने ओळखलं. डबा जेवढा जड तेवढा राग मोठा, आणि हा डबा तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला.

“न विचारता कापलं, ती माझी चूक,” ती म्हणाली. “पण हिराइवासान, पुलाजवळचं तुम्ही का ठेवता?”

“ते तुमचं आहे ना?”

“आम्ही तुमचं समजतो!”

हिराइवा हसला नाही. पुन्हा वाकला आणि गेला.

पुढच्याच रविवारी नोगुचीची अख्खी वाडी कटर घेऊन आली. स्वतःची बाजू त्यांनी तशीच सोडली, पूल ओलांडला आणि काजियाचा भाग कापला. असा, की जणू कंगव्याने भांग पाडला. डांबरावर पडलेला पालाही झाडून नेला. परतफेड!

काजियाचा वाडीप्रमुख धावतच तोकिएकडे आला. “काय करून बसलात, बाई? नोगुचीने आपली वाट कापली! आता तोंड कसं दाखवायचं?”

“त्यांचे बांबू उभे आहेत अजून,” तोकिए तोफू कापता कापता म्हणाली. “दाखवा जाऊन.”

मग काय! काजियाने नोगुचीचे बांबू मुळासकट काढले. नोगुचीने काजियाची तुंबलेली गटारं उपसली. काजियाने नोगुचीच्या बाजूची उखडलेली डांबरी ठिगळं सारखी केली. कोणी कोणाशी भांडलं नाही, सगळे एकमेकांना जवाचा गार चहा पाजत होते आणि मनातून दात-ओठ खात होते.

उन्हाळ्याच्या शेवटी अधिकारी पाहणीला आला. बॅरिकेडपाशी उभा राहून बघतच राहिला. बंद करायचा निर्णय पुढे ढकलला गेला, चाचणी म्हणून वाट वर्षभर खुली. “वर्षभर?” तोकिए कडाडली. “गवत दरवर्षी उगवतं, पगार दर महिन्याला घेता, आणि वाट तेवढी वर्षापुरती?” त्याने पुन्हा सकारात्मक विचार सुरू केला. यावेळी मात्र बॅरिकेड उचलून घेऊन गेला.

वाड्यांनी आपसात ठरवलं ते मला सगळ्यात आवडतं. काजिया नोगुचीची बाजू कापते, नोगुची काजियाची. स्वतःच्या दारातलं गवत माणूस उद्यावर टाकतो, दुसऱ्याच्या दारात तसं करायची लाज वाटते.

सावाए आता पुलावरून जाताना मुद्दाम घंटी वाजवते. ओसाकाची खोली मुलाने भाड्याने दिली.

कुझू मेलेला नाही. तो मरत नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं: तुमच्याकडेही अशी एखादी वाट रानाखाली गेली असेल, तर या रविवारी विळा घ्या, शेजारच्या वाडीचं दार वाजवा आणि म्हणा, “तुमच्या बाजूचं आम्ही कापू का?”