थोरल्या तपेल्यावरचा ठिपका

करमाळ्याहून एस.टी.नं येणारा नवा माणूस खडकमाळच्या फाट्यावर उतरला की कंडक्टरला हमखास विचारतो, "गाव कुठंय?" डोळे फुटलेत का बाबा? समोर पाण्याची टाकी दिसते, शाळा दिसते, तीनशे उंबरे दिसतात. झाडं नाहीत, एवढं मान्य. चारी बाजूंनी उघडा माळ, कुसळाचं गवत आणि वारा असा, की वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी दुसऱ्याच्या शिवारात शोधायला जावं लागतं. पण गाव आहे, आणि चांगलं नांदतं आहे.

मी धम्मप्रिया. इथल्या पोस्टात काम करते. माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात, म्हणोत. ही गोष्ट माझी नाही, आमच्या मदिनाचाचीची आहे. सांगताना मध्ये मध्ये मला राग येईल, तेवढा सोसा.

मदिनाबी म्हणजे हुसेनसाब कल्हईवाल्याची बायको. आता सत्तरीला टेकली. अंगानं काटकी, आवाज मात्र बाजाराच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या भाजीवालीनं मान वर करावी असा. तिच्या कमरेला पितळी किल्ली असायची. ती किल्ली गावभांड्यांच्या खोलीची.

गावभांडी म्हणजे गावाच्या मालकीची स्वयंपाकाची भांडी. तपेली, पराती, हंडे, झारे. कुणाचं लग्न असो, बारसं असो की मयताचं जेवण, खोलीतून भांडी न्यायची आणि घासून आणून द्यायची. हल्ली सगळीकडं केटरर आले, आमच्याकडंही येतात. पण जेवणातला एक तरी पदार्थ गावच्या भांड्यात शिजल्याशिवाय खडकमाळात कार्य पुरं होत नाही. ज्याच्या घरी कार्य झालं तो ऐपतीप्रमाणं एखादं भांडं गावाला देतो आणि त्यावर आपल्या माणसाचं नाव ठोकून घेतो. त्या खोलीत गेलं की मेलेलं सगळं गाव भिंतीला टेकून बसल्यासारखं वाटायचं.

त्यातलं सगळ्यात मोठं ते थोरलं तपेलं. तांब्याचं. दोन गडी लागतात उचलायला. बाहत्तरच्या दुष्काळात आडतवाल्या शिवयोगीअण्णांनी गावासाठी अन्न शिजवायला घेतलं, तेव्हा त्यांनी ते दिलं. त्यात पाणी भरायचं काम माझ्या बापाचं, भीमाचं. वीस वर्षांचा होता. दीड कोसावरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे वाहायचा. आमच्या वस्तीतल्या पोराच्या हातचं पाणी तपेल्यात पडतंय म्हणून चारजण ताटावरून उठले होते म्हणे. शिवयोगीअण्णा म्हणाले, उठणाऱ्यानं खुशाल उठावं, भुकेलेला परत येईल. तिसऱ्या दिवशी चौघंही आले. हे माझ्या बापानं मला एवढ्या वेळा सांगितलं, की पुढं पुढं तो तोंड उघडायच्या आतच मी म्हणायची, "माहीत आहे बाबा, आले चौघं."

हुसेनसाब त्या भांड्यांना कल्हई करायचा. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला नाही तर अन्न कळकतं, आमटी हिरवट होते, माणसं ओकतात. हुसेनसाब अचानक गेला तेव्हा मदिनाबी चाळिशीच्या आतली होती, नईम पाळण्यातून नुकताच उतरलेला. चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याचा भाता चावडीपुढं आणून मांडला. बाईमाणसानं कल्हई करायची? लोक हसले. पहिलं तपेलं तिनं जाळून काळं केलं, तेव्हा तर फारच हसले. तिनं हात भाजून घेतले, पदर जाळून घेतला, आणि दिवाळीपर्यंत अशी कल्हई करायला लागली की तपेल्यात तोंड बघून टिकली लावावी.

तिचे नियम मोजके, पण एकही वाकायचा नाही. गावभांड्यात मटण शिजवायचं नाही, म्हणजे कुणाला अडचण नको. स्वतःच्या नईमच्या लग्नात बिर्याणीसाठी तिनं करमाळ्याहून भाड्याची डेग आणली होती. दुसरं, लग्न आणि मयत एका वेळी आलं तर मान मयताचा. आणि तिसरं तिचं आवडतं. "विस्तवावरनं उतारलं की भांडं कोरं. त्याला जात न्हाय, उष्टं न्हाय, काय न्हाय."

नईम ट्रक चालवतो, कुंभारीला घर केलंय. "अम्मी, चल" म्हणून दर ईदला मागं लागतो. ही म्हणते, "तितं वारा न्हाय. मला झोप न्हाय येत."

आता रागाचा भाग.

शिवयोगीअण्णांचा मुलगा वीरभद्रप्पा. माणूस वाईट नाही, हे मी दात खाऊन का होईना सांगते. गेल्या वर्षी त्यानं फाट्यावर मंगल कार्यालय बांधलं आणि ग्रामसभेत उठून म्हणाला, "चाचींचं वय झालं. त्यांना किती राबवायचं? भांडी माझ्या कार्यालयात ठेवू, खोली बांधलीय, किल्ली मी सांभाळतो." किती गोड! सगळ्यांनी हात वर केले. माझाही हात वर होता, लपवत नाही. चाचीला आराम मिळेल असंच वाटलं. तिला कुणी विचारलंच नाही. तिनं किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेली.

महिन्याभरात भांड्यांवर ऑइलपेंटचे ठिपके आले. काही पांढरे, काही लाल. कुणी विचारलं तर उत्तर तयार: "सोयीसाठी. मिसळामिसळ नको." कशाची मिसळामिसळ, ते कुणी बोललं नाही. पण दोन कार्यं झाली आणि सगळ्यांना कळलं. पांढऱ्या ठिपक्याची भांडी पेठेत, आडतवाल्या-किराणावाल्यांच्या घरी जात होती, लाल ठिपक्याची आमच्या वस्तीत आणि चाचीच्या मोहल्ल्यात. कळलं, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मी पोस्टात शिक्के मारत बसले. मनात म्हणायची, आपल्या घरी कुठं कार्य आहे एवढ्यात?

मग सोमवारी माझा बाप गेला.

बाजेवर बसून चहा पीत होता, कप खाली ठेवला आणि संपला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, जलदानाचा विधी आणि जेवण. बाबा हयातीत एकच मागणं मागून ठेवून गेला होता. "माझ्या दिवसाचा भात थोरल्यात शिजवा. त्यात माझं पाणी हाय." दुसरं काही नाही. ना फोटो मोठा, ना बँड.

बुधवारी मी कार्यालयावर गेले. तिथला राखणदार संगप्पा, म्हातारा, भला माणूस. थोरलं मागितलं तर खाली बघायला लागला. म्हणाला, "बाई, त्येच्यावर पांढरा हाय. मालकानी सांगितलंय. तुमी लाल न्या की, दोन न्या."

मी भांडले असेन असं वाटतं ना तुम्हाला? एवढी तिखट जिभेची बाई! नाही भांडले. रडून रडून घसा बसला होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं. मुकाट्यानं लाल ठिपक्याची दोन चेपलेली तपेली रिक्षात घातली आणि निघाले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रिक्षा चाचीच्या दारावरून गेली. ती अंगणात शेंगा फोडत होती. हात वर करून रिक्षा थांबवली, तपेल्यात वाकून पाहिलं, आत बोट फिरवलं.

"कल्हई गेलीया. ह्यात भात शिजवणार तू? माणसं मारतीस काय? थोरलं कुटं हाय?"

मी सांगितलं. सांगताना मला हुंदका आला. तिला नाही आला. तिचं तोंड लाल झालं.

"आन तू हे घिऊन निघालीस? भीमाची पोरगी तू?"

"चाची, मयताच्या घरात भांडण नको म्हणून..."

"मयताच्या घरात तू बस. भांडण माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, बाजाराचा दिवस. सकाळी दहाला, माळावरची गावं उतरत होती तेव्हा, मदिनाबी भाता, कोळशाचं पोतं आणि लांब सांडशी हातगाड्यावर घालून कार्यालयाच्या दारात हजर. पहारीनं खड्डा काढला, भाता बसवला, विस्तव केला, आणि मग तिचा तो आवाज काढला.

"संगप्पा! गावभांडी कल्हईला काढलीत. आण भायेर!"

कल्हईला बोलावलेलं भांडं अडवायचं नाही, ही खडकमाळची पन्नास वर्षांची सवय. कुणाचं, कशाला, काही विचारायचं नसतं. संगप्पाचे पाय सवयीनं आधी हलले, डोकं मागून. भांडी बाहेर यायला लागली. थोरलं दोघांनी धरून आणलं. चाचीनं तेच पहिलं विस्तवावर घेतलं.

ऑइलपेंट जळताना कसा वास येतो! पांढरा ठिपका फुगला, पिवळा झाला, काळा झाला आणि पापुद्रा धरून गळाला. चाचीनं चिंच आणि वाळूनं तिथं घासलं. रंगाखाली ठोकलेली अक्षरं होती. रंगवणाऱ्यानं बरोबर शेवटच्या शब्दावर ब्रश टेकवला होता. मी तोवर घर सोडून पळत आले होते, मीच मोठ्यानं वाचलं: 'शिवयोगी यांजकडून गावास.'

वीरभद्रप्पा मोटारसायकलवरून उतरला तेव्हा भोवती निम्मा बाजार जमला होता.

"चाची, हे काय चाललंय? ग्रामसभेचा ठराव झालाय."

"खोलीच्या किल्लीचा झालाय. किल्ली तुज्यापाशी हाय की! मी कुटं मागतीया?" तिनं नवसागर टाकला. पांढरा धूर उठला, पुढचे चारजण खोकत मागं सरले. "ठिपक्याचा ठराव दाव मला."

"ते सोयीसाठी होतं."

"कुणाच्या?"

कथलाची कांडी तापल्या तांब्याला लागली, चाचीनं कापडाचा बोळा फिरवला आणि तपेल्याच्या पोटात चांदीसारखा उजेड पसरला. ती न थांबता बोलत होती.

"तुज्या बापानं ह्यात भीमाचं पाणी घेतलं, तवा तू आईच्या कडंवर हुतास. त्येच पाण्याचं तू बी खाल्लंस. आता भीमा मेला, तर त्येच्या भाताला हे बाटतंय व्हय रे?"

"मी उद्या परत रंग लावीन, चाची," तो हळू पण हट्टानं म्हणाला.

"लाव की! मी परवा परत पेटवीन. तुजा रंग सरंल, माजा कोळसा न्हाय सरायचा."

आणि गंमत बघा. ज्या लोकांनी महिनोन्महिने तोंड उघडलं नव्हतं, त्यांना एकदम वाचा फुटली. पेठेतला किराणावाला निंगप्पा उठला आणि स्वतःच्या दुकानातलं कोळशाचं पोतं आणून टाकलं. आसिफ मटणवाल्यानं सांडशी धरली. संगप्पा मालकाच्या डोळ्यांदेखत भात्यापाशी बसला आणि भाता मारू लागला. दुपारपर्यंत एकाही भांड्यावर ठिपका उरला नाही. नावं तेवढी उरली.

वीरभद्रप्पानं किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आता उचला, आत ठेवा."

"आत न्हाय जायची," चाची म्हणाली.

मग तिनं जे केलं ते आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसतं. भांडी वाटून टाकली. ज्याचं नाव त्याच्या घरी मात्र नाही. निंगप्पाच्या आजीची परात मोहल्ल्यात. हुसेनसाबच्या नावाचा हंडा पेठेत. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं दारोदार जाऊन गोळा करायची, झाल्यावर घासून त्याच घरी द्यायची. आणि नवा नियम तिथंच, घामेजल्या तोंडानं सांगितला: "भांडं उंबऱ्याच्या भायेर द्यायचं न्हाय. ज्येच्या घरचं काम त्येनं सवता यावं, आत बसावं, पाणी प्यावं, मग उचलावं."

थोरलं आमच्या घरी आलं.

शुक्रवारी बाबाचा भात त्यात शिजला. त्यात मी पहिला हंडा पाणी ओतलं आणि मग मला जे रडू फुटलं, ते आवरेना. चाचीनं पाठीवर एक जोराची थाप मारली. "रड. पर पानी कमी पडलंय, अजून वत."

चार महिने थोरलं माझ्या स्वयंपाकघराचा अर्धा कोपरा अडवून बसलं. आणि गेल्या आठवड्यात संगप्पा आला. वीरभद्रप्पाला नात झालेली, सून दिपाली बाळ घेऊन सासरी आलेली. बारशाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, त्यांच्या घरी बाहत्तरपासून थोरल्यातच होते. मी संगप्पाला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. नियम म्हणजे नियम.

काल दुपारी वीरभद्रप्पा स्वतः आला. आमच्या वस्तीत मी त्याला पहिल्यांदा पायी पाहिला. दारात उभा राहिला, चपला पायातच.

"धम्मा, तपेलं हवं होतं."

"आत आहे अण्णा. या."

शेजारच्या चार दारांत बायका उभ्या राहिल्या. त्यानं एकदा मागं रस्त्याकडं पाहिलं. मग चपला काढल्या. आमचं दार ठेंगणं आहे, वाकावं लागतं. तो वाकला, आत आला, बाबाच्या बाजेवर बसला. मी तांब्या-भांडं पुढं ठेवलं. त्यानं पाण्याकडं पाहिलं, मग मान वर केली. समोर त्याच्या बापाचं नाव चकचकत होतं.

मी थोरल्याला पाठ टेकून बसून राहिले. हुग्गी त्याला करायची होती. मला कसलीच घाई नव्हती.

त्यानं भांडं उचललं आणि पाणी प्यायला.