दोन खणांतलं एक बटण

माझ्या धाकट्या जावेचं बटणांचं दुकान आहे. गल्लीतली पोरं तिला बटणकाकू म्हणतात आणि ती त्यांना काजं म्हणते. दीर गेल्यापासून तिनं एकटीनं ते चालवलं. खुर्चीमागची सबंध भिंत लहान लहान खणांनी भरलेली आहे. उभ्या रांगांना अक्षरं, आडव्यांना आकडे. न बघता हात मागे नेऊन ती हवा तो खण ओढते.

तिच्या मुलाला वाटायचं, आईनं आता घरी बसावं. त्यानं रात्री जागून त्या भिंतीचा तक्ता कॉम्प्युटरवर उतरवला.

"अक्षर आणि आकडा सांग. आत कोणतं बटण आहे, ते हा सांगेल."

"गिऱ्हाईक काय खणाचा नंबर घेऊन येतं? तुटकं बटण घेऊन येतं, बाबा."

पुढच्या रविवारी तो तक्त्याला उलटं शोधायला शिकवूनच आला. आता बटणाचं वर्णन लिहिलं की तक्ताच अक्षर आणि आकडा सांगणार होता.

"पैज लाव, आई. तू चुकलीस आणि हा बरोबर आला, तर खुर्ची सोडायची. दुकान भाड्यानं देऊन टाकू."

"आणि हा चुकला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"जाऊबाई, तुम्ही साक्षीदार," मी जिना चढून आत आले तशी ती मला म्हणाली. "आज थकलेल्या दिसताय. बसा जरा."

दुपारपर्यंत बरोबरी होती. मग एक वकील आले. अंगातल्या काळ्या कोटाचं बटण निघालं होतं, ते त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं त्यावर अंगठा फिरवला. "चार भोकं, उंच काठ. ग, सात." मुलानं तेच वर्णन लिहिलं. तक्ताही म्हणाला, ग, सात. तिनं खण ओढून बटण पुढे केलं.

"बाई, हे तपकिरी आहे," वकील म्हणाले.

मुलगा पडद्याकडे बघून हसला. "अरेच्चा, तसलंच बटण दोन खणांत आहे. मी रंग लिहिलाच नव्हता. हा पहिलं सापडलं की तिथंच थांबतो." मग त्याचं हसू विरलं. "पण आई, तुला तर रंग दिसतो ना?"

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या एका पायात निळा मोजा होता, दुसऱ्यात हिरवा.

"दुसरा खण ट, तीन," ती शेवटी म्हणाली. "दोन्ही मला ठाऊक आहेत. त्यातला काळा कोणता, ते आता कळत नाही. मीही पहिल्यावरच थांबले."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी रंग गेले. आता माणसांचे नुसते आकार दिसतात."

"अगं, पण सकाळी तू मला थकलेल्या दिसताय म्हणालीस," मी म्हटलं.

"जिना चढून धापा टाकत होतात, जाऊबाई."

मुलानं ट-तीनमधलं काळं बटण काढून वकिलांना दिलं. ते गेल्यावर त्यानं खण आत ढकलला.

"पैजेचं काय?" तिनं विचारलं. एवढ्या बारीक आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तक्ता चुकला. मी विषय काढणार नाही." त्यानं तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "पण उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि प्रत्येक खणावर रंगाची खूण करू, बोटाला लागेल अशी."

तिला दिसत नाही, हे रात्रभर मला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना सावकाश चढले, आत गेले आणि न बोलता तिच्यासमोर उभी राहिले. उजेड थेट माझ्या तोंडावर होता.

तिनं मान वर केली. "बोला, काय देऊ?"

चाळीस वर्षांपासूनची जाऊ माझी. मी नुसता हात पुढे केला. बटण घ्यायला तिनं तळवा पसरला, तो माझ्या मनगटाला लागला. तिचा अंगठा स्वेटरच्या बाहीवरच्या बटणावरून फिरला.

"हे मीच लावून दिलंय तुम्हाला," ती म्हणाली. मला हुंदका फुटला. "जाऊबाई, रडताय कशाला? बसा."