दादांच्या चालीला इंग्रजी शब्द

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. निजामी राजवट संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते तहसिलीत नवे कारकून होते. शिक्षण सगळं उर्दूतलं. कारभार मराठीत आला तेव्हा मराठी मसुदे लिहायला शिकले, पुढे कामापुरती इंग्रजीही जमवली. औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरातून कचेरीत ते इतक्या झपाट्यानं जायचे, की आई म्हणायची, "ह्यांच्यासंगं चालायचं म्हंजी पळायचंच."

रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. काठीच्या आधारानं ते अंगणात पावलं टाकायला लागले, तेव्हा मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "प्रोग्रेस इज स्लो."

दादांनी ते ऐकलं. त्या दिवशी व्यायाम केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं काठी हातात दिली तर ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

"काय झालं दादा?" मी विचारलं.

"स्लो म्हणले ना डॉक्टर. कचेरीत ज्याच्याकडून कशाचीच उमेद नसायची, त्याला साहेब स्लो म्हणायचे. मला ठाऊक आहे त्याचा अर्थ."

परीक्षेसाठी मी शब्दांच्या छटांचा अभ्यास करत होते, म्हणून जे येत होतं तेच बोलले. "इंग्रजीत हळूला एकच शब्द नाही दादा. गाळानं तुंबलेल्या नाल्याचं पाणी कसं रेंगाळतं? ते स्लगिश. भरपेट जेवल्यावर दुपारी अंग जड होतं, तेही स्लगिश. कसलीच घाई नसलेला माणूस जेवून शतपावलीला निघतो, त्याचं चालणं लेझरली. वेग कमी, पण खंड नाही आणि तोलही जात नाही, ते स्टेडी. आणि थोडं थोडं होत राहतं, रोज बघणाऱ्याच्या लक्षातसुद्धा येत नाही, ते ग्रॅज्युअल."

दादांनी शेवटचा शब्द पुटपुटून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आमचं रफ्ता रफ्ता."

"हो, तेच!"

"मग आहिस्ता म्हणजे?"

"स्लोली म्हणता येईल. पण आहिस्तामध्ये जपून करणंही येतं ना? मग जेंटली."

"आहिस्ताच बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच काठी मागितली. अंगणातल्या तुळशीला फेरी मारून आले की आई विचारायची, "आज कोणचा सबद?"

"स्लगिश," दादा सांगायचे. "काल कढी लई झाली."

कधी स्टेडी, कधी लेझरली. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण स्लगिश म्हटलं की ती कोमट तेल घेऊन पाय चोळायला बसायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी दादा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथल्या चहावाल्यानं आपलं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं आणि म्हणाला, "आओ साब, लई दिवसांनी."

पुढच्या तपासणीला आत शिरताच दादा डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, आय ॲम ग्रॅज्युअल."

मी ओशाळले. हळूच म्हणाले, "दादा, माणसाला ग्रॅज्युअल म्हणत नाहीत. सुधारणेला म्हणतात."

डॉक्टरांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग दादांकडं. "राहू द्या. मला समोर सुधारणाच दिसतेय. जरा चालून दाखवा."

दादा दारापर्यंत गेले आणि वळून परत आले. वळताना काठी थरथरली, पण ते सावरले. "ग्रॅज्युअल अँड स्टेडी," डॉक्टर म्हणाले. दादा असे हसले, की दुखण्यात जरासं वाकडं झालेलं तोंड मला त्या दिवशी वाकडं वाटलंच नाही.

पावसाळा सरल्यावर त्यांनी पिशोरला, आपल्या मोठ्या भावाकडं एकट्यानं जायचं काढलं. तिथं आमची थोडी शेती होती. आईनं दोन दिवस अबोला धरला, पण शेवटी दशम्या बांधून दिल्या. स्टँडवर एसटीच्या पायरीशी दादा थांबले. मागं लोकांची रेटारेटी सुरू झाली.

"काका, आटपा की लवकर," कंडक्टर ओरडला.

मी धरायला पुढं झाले. दादांनी मान हलवून मला थांबवलं. काठी काखेत मारून उजव्या हातानं दांडा घट्ट धरला, चांगला पाय वर ठेवला आणि डावा त्याच्यामागं ओढून घेतला. मागची रेटारेटी आपोआप थांबली. खिडकीशी बसलेली एक बाई उठून म्हणाली, "बसा बाबा, इथं बसा."

चार-पाच दिवसांनी ते परतले. रिक्षातून उतरताना त्यांच्या उजव्या हातात काठी होती. डाव्या हातात ओल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती. पिशवी लहानच, पण ती त्याच हातात धरून ते उंबरा ओलांडून आत आले. आईनं पिशवी घेतली आणि शेंगा उकडायला ठेवल्या.